एकाचे औषध, दुसऱ्याला अपाय

(बुरशीविरोधी औषधे आणि त्यांच्या आंतरक्रिया या विषयावर नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



वैशाखाच्या उन्हाने होरपळलेल्या विदर्भाला मृगाच्या सरींची ओढ असते. त्या सरी येतात, जमीन निवते. परंतु त्याच ओलाव्याबरोबर अनेक घरांत एक आगंतुकही प्रवेश करतो. त्याचे नाव गजकर्ण. कुणी त्याला नायटा म्हणतो. जांघेत, कमरेवर, काखेत लालसर गोल चकंदळ उठते, खाज सुटते, आणि घरातील एकाला झालेला हा विकार टॉवेल, अंथरूण, कपडे यांच्या वाटेने पाहता पाहता सर्वांना होतो. रोग क्षुल्लक वाटतो, म्हणून उपचारही क्षुल्लक वाटतो. आजच्या विषयाचे मूळ याच समजुतीत आहे.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. हे कुटुंब कल्पनेतील आहे, पण असे घर प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. कर्ता मुलगा पस्तिशीचा, प्रकृतीने ठणठणीत. त्याला गजकर्ण झाले, डॉक्टरांनी तपासून फ्लुकोनाझोलच्या गोळ्या दिल्या आणि त्याला गुण आला. पुढे आईला तोच त्रास सुरू झाला. ‘तोच रोग आहे, तेच औषध घे, पट्टीत चार गोळ्या उरल्याच आहेत,’ असे मुलगा म्हणाला. त्यात प्रेम होते, काटकसरही होती. पण आई मधुमेहासाठी रोज ग्लिमेपिराइड घेत होती. तिने पथ्य मोडले नाही, मधुमेहाची गोळी वाढवली नाही, जेवण चुकवले नाही. तरीही एके पहाटे तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती.

चूक कोणत्या गोळीची? मुलासाठी फ्लुकोनाझोल योग्य होते. आईसाठी ग्लिमेपिराइड योग्य होते. दोन्ही औषधे शुद्ध, दोन्ही मान्यताप्राप्त. धोका होता तो दोहोंच्या भेटीत. वैद्यकशास्त्र या भेटीला औषधांची आंतरक्रिया म्हणते. आपल्या परंपरेला हा विचार अगदीच परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत संयोगविरुद्ध हाही एक आहे. एकेकटे असताना निर्दोष असलेले पदार्थ एकत्र आल्यावर अपायकारक ठरू शकतात, हे त्यातील तत्त्व. आधुनिक औषधांच्या बाबतीत हा संयोग नेमका कुठे आणि कसा घडतो, हे आज प्रयोगशाळेत दाखवता येते.

बुरशी : आपली दूरची नातेवाईक

बुरशीविरोधी औषधांच्याच वाट्याला इतक्या आंतरक्रिया का याव्यात, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर बुरशीच्या कुळात आहे. जीवाणूची पेशी मानवी पेशीहून इतकी वेगळी असते की, पेनिसिलिनसारखे औषध जीवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते आणि आपल्या पेशीला ती भित्तिकाच नसल्याने आपण सुरक्षित राहतो. बुरशीचे तसे नाही. जीवसृष्टीच्या वंशवृक्षावर ती जीवाणूंपेक्षा माणसाला जवळची आहे. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पेशीच्या आवरणात त्याचेच भावंड शोभावे असे एर्गोस्टेरॉल असते. शत्रू आणि स्वकीय यांचे चेहरे असे मिळतेजुळते असले की बाण जपूनच सोडावा लागतो.

फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही सारी ‘अझोल’ कुळातील औषधे. बुरशीला एर्गोस्टेरॉल तयार करण्यासाठी जे विकर, म्हणजे एन्झाइम, लागते त्याला ती जखडून टाकतात. हे विकर ‘सायटोक्रोम पी-४५०’ या मोठ्या घराण्यातील आहे. याच घराण्यातील अनेक विकरे मानवी यकृतात आणि आतड्यात अहोरात्र काम करीत असतात. पोटात गेलेल्या औषधाचे रूपांतर करून त्याला शरीराबाहेर जाण्याजोगे बनवणे, हे त्यांचे काम. बुरशीच्या विकरासाठी बनवलेली बेडी या भावंडांच्या हातातही कमीअधिक प्रमाणात बसते आणि यकृताचे काम मंदावते.

पेंच नदीवरील तोतलाडोह धरण नागपूरकरांना परिचित आहे. धरणात वरून पाणी येत राहते आणि दरवाज्यांतून सोडले जाते, म्हणून पातळी सुरक्षित राहते. वरून येणारे पाणी तितकेच, पण दरवाजे कुणी बंद केले तर? पातळी चढत जाणारच. रोजची गोळी म्हणजे वरून येणारे पाणी, यकृतातील विकरे म्हणजे दरवाजे. अझोल कुळातील औषध हे दरवाजे अंशतः वा पूर्णतः बंद करते. रुग्ण गोळी तीच घेतो, तेवढीच घेतो, आणि तरीही त्याच्या रक्तातील औषध कित्येक पटींनी वाढू शकते. गोळीवर छापलेला आकडा बदलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

याच्या उलटही घडते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही औषधे दरवाजे सताड उघडतात. क्षयाचा रुग्ण रिफाम्पिसिन घेत असताना त्याला इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल दिले, तर बुरशीविरोधी औषध रक्तात टिकतच नाही. रुग्ण नियमाने औषध घेतो आणि बुरशी निर्धास्त वाढत राहते. क्षयरोगाचा भार अद्याप वाहणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

एका गोळीने शिकवलेला धडा

या धोक्याची जगाला प्रकर्षाने जाणीव करून दिली ती सर्दी-ॲलर्जीच्या एका गोळीने. टर्फेनाडिन हे तिचे नाव. झोप न आणणारे ॲलर्जीचे औषध म्हणून १९८० च्या दशकात तिचा मोठा बोलबाला झाला. पोटात गेलेले टर्फेनाडिन यकृत जवळजवळ संपूर्णपणे दुसऱ्या, निरुपद्रवी स्वरूपात बदलून टाकते आणि ते स्वरूपच ॲलर्जी शमवते. मूळ टर्फेनाडिन मात्र रक्तात साठले तर हृदयाच्या ठोक्यांचे विद्युत्-नियमन बिघडवते, हे तेव्हा फारसे कुणाच्या ध्यानी आले नव्हते. १९९० साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात एका ३९ वर्षांच्या महिलेची हकिगत प्रसिद्ध झाली. ती डॉक्टरांनी दिलेले टर्फेनाडिन घेत होती. मध्येच तिने बुरशीच्या संसर्गासाठी आपल्या मनाने किटोकोनाझोल सुरू केले. तिला वारंवार घेरी येऊ लागली. तपासणीत हृदयाच्या ठोक्यांची प्राणघातक ठरू शकेल अशी अनियमितता आढळली.

पुढे अशा आणखी घटना उजेडात आल्या. १९९८ मध्ये टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून हद्दपार झाले. भारतात त्यावर बंदी आली ती २००३ च्या मार्च महिन्यात. पचनासाठी दिल्या जाणाऱ्या सिसाप्राइड या औषधाचीही अशीच कहाणी आहे. त्यावर भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी घालण्यात आली. ही दोन्ही औषधे आज इतिहासजमा झाली आहेत. पण मळमळीसाठी सर्रास घेतले जाणारे डॉम्पेरिडोन त्याच जातीचा धोका बाळगून आहे. किटोकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोल चालू असताना ते घेऊ नये.

देवघराशेजारच्या फडताळात

आपल्याकडे औषधांचा डबा बहुधा देवघराशेजारच्या फडताळात किंवा फ्रिजवर असतो. त्यात काय काय असते, ते एकदा शांतपणे पाहावे.

झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांना वॉरफेरिन किंवा एसिनोकुमेरॉल दिले जाते. रक्त प्रमाणात पातळ ठेवणाऱ्या या गोळ्यांची मात्रा रक्ततपासणी करून फार काटेकोरपणे ठरवलेली असते. त्यात फ्लुकोनाझोलची भर पडली की तोल ढळतो. हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, शौचास डांबरासारखी काळी होणे, अंगावर निळे डाग उठणे या खुणा दिसू लागतात. मेंदूत रक्तस्राव झाला तर तेवढाही अवधी मिळत नाही. कवळी वापरणाऱ्या वृद्धांच्या तोंडात बुरशीचा पांढरा थर धरतो आणि त्यासाठी मायकोनाझोलचे जेल लावले जाते. ते गिळले जाते, शोषले जाते आणि हाच अनर्थ घडवू शकते. ‘नुसते लावायचे तर आहे’ हा दिलासा येथे फसवा ठरतो.

कोलेस्टेरॉलसाठी अनेक घरांत स्टॅटिन गटातील गोळी चालू असते. सिम्व्हास्टॅटिन आणि इट्राकोनाझोल यांची जोडी निषिद्ध मानली आहे. ॲटोर्व्हास्टॅटिनबाबतही सावधगिरी हवी. या संयोगात स्नायूंचे तंतू विरघळू लागतात, अंग ठणकते, लघवी तपकिरी होते आणि मूत्रपिंडांवर घाला पडतो. डॉक्टरांना आधी कल्पना दिली तर तेवढ्या दिवसांसाठी स्टॅटिन थांबवणे किंवा बदलणे हा सोपा उपाय हाताशी असतो.

झोपेसाठी घेतलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी इट्राकोनाझोलच्या संगतीने रात्रभराऐवजी दुसरा दिवसही गुंगीत ठेवते आणि वृद्ध माणूस न्हाणीघरात पडतो. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचा प्रभाव वाढून पाय सुजतात. दम्याच्या पंपातील ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन एरवी रक्तात नगण्य उतरते. इट्राकोनाझोल दीर्घकाळ चालू राहिले तर ते साठू लागते आणि चेहरा सुजून गोल होणे, साखर वाढणे अशी स्टेरॉइडची लक्षणे उमटतात. अर्धशिशीसाठी अर्गोटामिन घेणाऱ्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित होऊन बोटे काळी पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आणि छातीत जळजळ म्हणून रोज सकाळी घेतलेले पँटोप्राझोल? ते पोटातील आम्ल कमी करते. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळण्यासाठी ते आम्ल हवे असते. औषध निष्फळ ठरते आणि दोष मात्र डॉक्टरांच्या माथी येतो.

हे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्वचेवर चोळण्याचे क्लोट्रिमाझोलसारखे साधे मलम रक्तात फारसे उतरत नाही. टर्बिनाफिन हे अझोल कुळाबाहेरचे औषध असल्याने त्याच्या आंतरक्रियाही मोजक्या आहेत. मेटोप्रोलॉल किंवा ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना तसे सांगावे. फळांतही असा एक नमुना आहे. पपनस आणि परदेशी ग्रेपफ्रूट यांतील काही द्रव्ये आतड्यातील हीच विकरे निकामी करतात. ग्रेपफ्रूटचा हा गुण १९८९ च्या सुमारास कॅनडातील संशोधकांना योगायोगानेच कळला. आपले नागपुरी संत्रे वेगळ्या जातीचे आहे आणि या दोषापासून मुक्त आहे, ही नागपूरकरांना समाधानाची बाब!

धोका आजच का वाढला

ही औषधे नवी नाहीत. मग आजच हा विषय का? गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातील गजकर्णाचे स्वरूपच पालटले आहे. पूर्वी दोन-चार आठवड्यांत बरा होणारा विकार आता महिनोन्महिने हटत नाही, बरा झाला तरी उलटतो. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून या बुरशीच्या एका नव्या जातीची नोंद केली आणि तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. या बुरशीवर टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही. आपल्या देशाचे नाव एका हट्टी बुरशीला चिकटावे, ही भूषणावह गोष्ट नव्हे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे दुकानातून परस्पर आणून लावण्याची सवय हे या हट्टीपणामागचे एक कारण मानले जाते. मलमाने खाज थांबते, पण बुरशी आत फोफावते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना न विकण्याच्या यादीत घातले.

टर्बिनाफिन चालेना, म्हणून इट्राकोनाझोलवर भिस्त वाढली. उपचार लांबला, म्हणून दुसऱ्या औषधाशी गाठ पडण्याचे दिवसही वाढले. दुसरीकडे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांमुळे चाळिशीपुढील बहुतेकांच्या घरी रोजची औषधे आली. हे दोन प्रवाह एकाच घरात एकमेकांना मिळत आहेत.

२०२१ चा उन्हाळा

दुसऱ्या प्रकारच्या आंतरक्रियेचा अनुभव नागपूरने २०२१ च्या उन्हाळ्यात घेतला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिसने शहराला ग्रासले. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांपासून खाजगी रुग्णालयांपर्यंत रुग्णांची रीघ लागली. कुणाचा जबडा गेला, कुणाचा डोळा, कुणाचे प्राण. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरवण्यास सांगितले. फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल या बुरशीपुढे निष्प्रभ असतात. मुख्य शस्त्र म्हणजे अँफोटेरिसिन-बी, आणि तेच मिळेनासे झाले. नातेवाईक एकेका कुपीसाठी दारोदार फिरले, तो काळ अनेकांना अजून आठवत असेल.

त्या टंचाईत वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने त्याच मे महिन्यात अँफोटेरिसिनचे उत्पादन सुरू केले, ही विदर्भाच्या अभिमानाची गोष्ट. महाराष्ट्राचे या क्षेत्रातील काम त्याहून जुने आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी ‘हॅमायसिन’ हे अँफोटेरिसिनच्याच कुळातील बुरशीविरोधी द्रव्य शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरीना’ असा आपल्या पिंपरीचा उल्लेख आहे. अँफोटेरिसिनचा मूत्रपिंडांवरील आघात सौम्य करणारे त्याचे लायपोसोममधील रूप भारतात विकसित करण्यात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा पुढाकार होता.

अँफोटेरिसिन यकृताच्या दरवाज्यांशी खेळत नाही. त्याचा वार मूत्रपिंडांवर होतो आणि शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम वाहून जाते. त्याच वेळी अमिकॅसिन किंवा जेंटामायसिन चालू असेल तर मूत्रपिंडांवर दुहेरी भार पडतो. फ्युरोसेमाइड किंवा स्टेरॉइड सोबत असेल तर पोटॅशियम आणखी घसरते आणि डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णात ही घसरण ठोके बिघडवते. त्या काळात डॉक्टर वरचेवर रक्त तपासायला का लावत होते, याचे उत्तर यात आहे. ते शुल्क उकळणे नव्हते, ती राखण होती.

दोषाचेही गुणात रूपांतर

ज्ञान असेल तर याच दोषाचा उपयोगही होतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिनसारखे महागडे औषध जन्मभर घ्यावे लागते. भारतातील काही डॉक्टरांनी त्यासोबत मुद्दाम किटोकोनाझोल देऊन, म्हणजे दरवाजे जाणूनबुजून अर्धवट बंद करून, कमी सायक्लोस्पोरिनमध्ये पुरेशी पातळी साधली आणि गरीब रुग्णाचा खर्च वाचवला. मात्र हे रक्तातील पातळी वारंवार मोजूनच करता येते. तेथे तर उलटी सावधगिरीही लागते. बुरशीविरोधी औषध अचानक थांबवले की दरवाजे पुन्हा उघडतात, प्रत्यारोपणाच्या औषधाची पातळी कोसळते आणि शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. म्हणून सुरू करताना जितके विचारावे, तितकेच थांबवतानाही विचारावे. इट्राकोनाझोलचा प्रभाव तर शेवटच्या गोळीनंतरही आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो.

घरातील औषधांची वही

मग सामान्य कुटुंबाने करायचे काय? विकरांची नावे पाठ करणे हे कुणाचेही काम नव्हे. ते डॉक्टरांचे आणि औषधशास्त्र शिकलेल्या दुकानदाराचे काम आहे. परंतु त्यांना माहिती पुरवणे हे आपले काम आहे आणि तेथेच आपण कमी पडतो. हृदयाचा डॉक्टर धंतोलीत, त्वचेचा रामदासपेठेत, दाताचा घराजवळ. तिघांनाही एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही. त्या तिघांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे स्वतः रुग्ण.

दुधाचा हिशेब आपण लिहितो, वाणसामानाची यादी करतो. त्याच शिस्तीने प्रत्येक घरात औषधांची एक वही असावी. प्रत्येक सदस्यासाठी एक पान. त्यावर गोळीचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कधीपासून. पंप, जेल, थेंब, झोपेची कधीमधी घेतलेली गोळी, काढे आणि चूर्णे यांचीही नोंद त्यात हवी. वनस्पतिजन्य म्हणून ती लपवू नयेत. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना, कोणत्याही दुकानात औषध घेताना ती वही समोर ठेवावी आणि एकच प्रश्न विचारावा : ‘हे यांच्यासोबत चालेल का?’ उरलेल्या गोळ्यांची पट्टी घरातल्या दुसऱ्या माणसाला देऊ नये. आणि भीतीपोटी चालू औषध आपल्या मनाने बंदही करू नये. तोही तितकाच मोठा अपराध आहे. औषधाने अपाय झाल्याची शंका आली तर डॉक्टरांना कळवावेच, शिवाय २०१० पासून चालू असलेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही त्याची नोंद करता येते.

सेवावस्त्यांत आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून येथे विशेष अपेक्षा आहे. ज्या घरी कुणाला वाचता येत नाही, तेथे ही वही लिहून देणे ही मोठी सेवा ठरेल. अर्धा तास आणि चार पाने, एवढाच तिचा खर्च.

सुरुवातीच्या त्या घराकडे पुन्हा वळावे. मुलाने आईला गोळी दिली ती प्रेमापोटी. त्याच्या हाताशी अशी वही असती, तर त्याने गोळीऐवजी आईचे पान उघडून डॉक्टरांपुढे ठेवले असते आणि ती पहाट त्या घरावर आली नसती. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने ते पहिले पान लिहावे आणि ते घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या नावाचे असावे, एवढीच विनंती.